हत्ती काय भाव?

नाचणगाव हे नाव ऐकून कोकणातल्या माणसाला वाटतं, इथे नाचणी पिकत असावी. मुंबईच्या माणसाला वाटतं, इथे लोक नाचत असावेत. नाचणी आमच्याकडे दुकानातून पुडीत येते. नाचायचं म्हणाल तर वरातीत डीजेपुढे, तेवढंच. वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातलं हे गाव पुलगावला इतकं खेटून आहे की पुलगाव कुठे संपलं ते परक्याला कळत नाही. गावकऱ्याला कळतं, आणि तो ते ऐकवल्याशिवाय तुम्हाला सोडत नाही.

पुलगावचं नाव वर्धा नदीवरच्या रेल्वेच्या पुलावरून पडलं असं सांगतात. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली, त्या काळातली ही गोष्ट. 'पूल' हा शब्द आपण फारसीतून उचलला. पण आजच्या इराणात पुलाला 'पोल' म्हणतात आणि 'पूल' म्हणजे पैसा. तुर्कस्तानात 'पुल' म्हणजे टपालाचं तिकीट. तेव्हा पैशांचं गाव समजून एखादा इराणी आणि तिकिटांचं गाव समजून एखादा तुर्क आमच्या स्टेशनावर उतरलाच, तर दोघांनाही चहा पाजून परत पाठवावं लागेल. असो. पूल राहू द्या. आमचा खरा शब्द कापूस.

कापूस हा शब्द शहरात एकच असतो आणि मेडिकलच्या दुकानात मिळतो. आमच्याकडे त्याला सरळ एक नाव कधीच नसतं. शेतात उभी असते ती पऱ्हाटी. तीच कृषी खात्याच्या पत्रकात गेली की कपाशी. बोंड फुटून ओच्यात येतो तो कापूस, पावसात भिजून पिवळा पडला की कवडी. जिनात जाऊन बी सुटलं की उरते ती रुई, बी ती सरकी, आणि सरकीचं तेल काढल्यावर मागे राहते ती ढेप. सगळं विकून झालं, पैसे सोसायटीत जमा झाले, की शेतात पुन्हा पऱ्हाट्याच उरतात, चुलीत घालायला.

आता या शब्दांनिशी पुण्याच्या पाहुण्याशी बोलून पाहा. त्याच्या लेखी रुई म्हणजे शनिवारी मारुतीला वाहायच्या माळेचं झाड. 'यंदा रुई पडली' असं आमच्याकडे ओसरीवर कोणी म्हणालं की सगळ्यांचे चेहरे उतरतात, आणि पाहुणा समजूत घालतो, "पडली तर पडली, दुसरी लावा." ढेप म्हटलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, कारण तिकडे ढेप गुळाची. आमच्या गोठ्यात पोतंभर ढेप बघून एका पाहुण्याने म्हशीच्या राहणीमानाबद्दल आदर व्यक्त केला होता.

पण खरी मजा बंडीची. पुण्याकडे बंडी म्हणजे सदऱ्याच्या आत किंवा वर घालायचं बिनबाह्यांचं वस्त्र. आमच्याकडे बंडी म्हणजे बैलगाडी. तेलुगू आणि कन्नडमध्येही गाडीला बंडीच म्हणतात, तमिळमध्ये वंडी, म्हणजे या बाबतीत अर्धा हिंदुस्थान आमच्या बाजूने आहे आणि पुणं एकटं पडलं आहे. (पुण्याला त्याचं काही वाटत नाही, हे वेगळं.) तर पाहुण्यांनी विचारलं, "बाबा कुठे गेले?" घरातून उत्तर आलं, "बंडी घेऊन जिनात गेले." त्यांनी जीन आणि बंडी हा पोशाख डोळ्यांसमोर आणला, वय आठवलं आणि गप्प बसले. संध्याकाळी पुन्हा कळलं की बंडी रस्त्यात उलटली. "उलटी घातली असेल," ते म्हणाले, "घाईत होतं असं."

इतका गोंधळ मराठीतल्या मराठीत. आता पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. इथे एक अडचण सांगून टाकतो. वर्धा जिल्ह्यात पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी आहे, गांधीजींचा जिल्हा म्हणून. त्यामुळे सरकारी हिशेबात जिल्ह्यातली दारू तेवढी गोळ्याबरोबरच येते. या भांडारामुळे देशातल्या सगळ्या भाषा पिशवी घेऊन पुलगावच्या बाजारात फिरतात, आणि कापसाची खरी परीक्षा तिथे होते.

धारवाडकडचा एक गृहस्थ. तिकडेही काळी माती आणि कापूसच, त्यामुळे आमच्या बंड्या पाहून त्याला माहेरी आल्यासारखं झालं असावं. त्याने बंडीवाल्याला गाठून विचारलं, "हत्ती क्या भाव?"

बंडीवाल्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बैलांकडे. "हत्ती नाही भाऊ, बैलजोडी हाय. पण इकाची नाही."

कन्नडमध्ये कापसाला हत्ती म्हणतात. आणि हत्तीला म्हणतात आने. म्हणजे तिकडे हत्ती क्विंटलने विकला जातो, वाती करून देवापुढे जाळला जातो, गादीत भरला जातो. आणि सोळा आने एकत्र निघाले तर त्यांचा रुपया होत नाही, माणसं झाडावर चढतात.

तेलुगूत कापूस म्हणजे पत्ती. आदिलाबादच्या बाजारात दोन पैसे जास्त मिळतात अशी कुणकुण लागली की यवतमाळकडचा कापूस पैनगंगा ओलांडतो, आणि पलीकडच्या काठावर पाय ठेवताच पत्ती होतो. आपल्याकडे पत्ती चहाची, दाढीची किंवा जुगारातली. यातला शेवटचा अर्थ कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. तमिळमध्ये परुत्ती. पऱ्हाटी आणि परुत्ती यांचं नातं सख्खं की मानलेलं हे भाषापंडितांनी ठरवावं, नाकडोळे मात्र तेच आहेत. आमच्या पऱ्हाटीला पुण्याचे लोक 'ग्रामीण शब्द' म्हणतात. तिला मद्रासेत ओळखणारे आहेत हे त्यांच्या कानावर घातलं पाहिजे.

बंगालीत कापूस म्हणजे तुला, बोलताना तुलो. भांडारातल्या एका बंगाली बाईंनी किराणा दुकानात वातींसाठी विचारलं, "तुला है?" दुकानदार दचकला. "मले काय हाय?" बाई म्हणाल्या, "तुला, तुला!" आणि कानात बोळा घालायची खूण केली. दुकानदाराने त्यांना कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

पण या सगळ्या भाषांत मी हात टेकले ते गुजरातीपुढे. गुजरातीत सरकी काढलेल्या कापसाला म्हणतात 'रू'. आणि रुपयाचं संक्षिप्त रूप लिहितात 'रू.' म्हणजे कापूस आणि पैसा यांच्यात फक्त एका टिंबाचं अंतर! नागपूरला जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल काढली, हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंदांची मिल आली, पुलगावलाही कॉटन मिल निघाली आणि तिच्या भोंग्यावर नाचणगावची घड्याळं लागू लागली, आर्वीचा कापूस आणायला १९१७ साली पुलगावपर्यंत छोटी आगगाडी धावू लागली. इतक्या भानगडी कशासाठी? तर त्या एका टिंबासाठी. माल आमच्याकडे आणि टिंब व्यापाऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे. पुढे पुलगावची मिल बंद पडली, आर्वीची गाडीही बंद पडली. टिंब काही अजून आमच्याकडे आलेलं नाही.

गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला आले, त्यांनी आणि त्यांच्या मंडळींनी हे टिंब गावातच टाकायचा प्रयत्न केला. कापूस इथला, पिंजण इथलं, पेळू इथले, चरखा इथला. त्या उद्योगाने आणखी एक शब्द दिला, गुंडी. साध्या मराठीत गुंडी म्हणजे सदऱ्याची. खादीवाल्यांच्या मराठीत गुंडी म्हणजे सुताची, ६४० तारांची लड. १२ फेब्रुवारीला पवनारला धाम नदीच्या काठी लोक श्रद्धेने एकेक गुंडी अर्पण करत, विनोबांची ती सूतांजली. आता हे वाक्य उत्तरेकडच्या पाहुण्याला हिंदीतून सांगा. "यहाँ हर आदमी एक गुंडी लेकर आता है." तो दोन पावलं मागे सरकतो.

एवढं झाल्यावर वाटतं, घरातल्या घरात जे व्हायचं ते झालं, परदेशात तरी हा शब्द धड राहिला असेल. राहिला नाही, पण त्याचं तिकडे फार बरं चाललं आहे.

संस्कृतात 'कार्पास'. तो पश्चिमेकडे निघाला, तो हिब्रूत 'कर्पस' म्हणून पोचला. बायबलात एस्तेर राणीचं पुस्तक आहे. त्यातल्या राजाचं राज्य 'होदू'पासून, म्हणजे हिंदुस्थानापासून, सुरू होतं, आणि पुढे पाचसहा ओळींत त्याच्या मेजवानीला टांगलेले पडदे येतात, ते कर्पसचे. देशाचं नाव आणि मालाचं नाव एकाच पानावर. मालावर उत्पादकाचं नाव छापायची पद्धत किती जुनी आहे पाहा. पण ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणाला ताटात जो कर्पस वाढतात तो हा नव्हे. तो पाला, अजमोदा किंवा तत्सम काहीतरी, मिठाच्या पाण्यात बुडवून खायचा. त्याचं घराणं वेगळं, नावाचा उच्चार तेवढा सारखा. आपल्या रायगडकडची बेने इस्रायली मंडळी मराठी बोलतात. त्यांच्या घरात वातीचा कापूस आणि ताटातला कर्पस गेली कित्येक पिढ्या शेजारी शेजारी नांदले आणि कोणीही चुकून वात खाल्ली नाही, ही मला मोठी गोष्ट वाटते.

ग्रीकांनी 'कार्पासॉस' केला, रोमनांनी 'कार्बासुस'. लॅटिन कवींच्या हाती लागल्यावर त्याचा अर्थ झाला जहाजाचं शीड. इकडे पऱ्हाटी तणातून वर येता येत नव्हती, तिकडे तिचं नाव वारा भरून समुद्रावर. इराणात 'करबास' म्हणजे जाडंभरडं सुती कापड, आणि त्यांच्याकडे म्हण आहे की अमका आणि तमका एकाच करबासाची दोन टोकं. आपण त्या दोघांना एकाच माळेचे मणी म्हणतो. कापसाच्या भावावर सत्तेत असताना आणि विरोधात असताना केलेली भाषणं लागोपाठ ऐकली की इराणी म्हण जास्त पटते, कारण टोकं दोन असली तरी ताणलं जातं ते मधलं कापड. मलेशिया-इंडोनेशियात मात्र अजून 'कपास'च. त्यांनी शब्द घेतला आणि जपून ठेवला. असे लोकही असतात.

इराण्यांचा कापसासाठी आणखी एक शब्द, 'पंबे'. तो तुर्कस्तानात जाऊन 'पामुक' झाला. ओर्हान पामुक हे नाव आपल्या वाचकांना ठाऊक आहे; २००६ सालचं साहित्याचं नोबेल त्यांना मिळालं. आता आडनावाचं मराठी करा. कापसे! आमच्या भागात कापसे आडनावाची माणसं पायलीला पन्नास मिळतील. त्यातल्या एकानेही या नोबेलवर हक्क सांगितला नाही, यावरून वैदर्भीय माणूस किती सोशिक आहे ते कळावं. तुर्कस्तानातच 'पामुक्काले' आहे. डोंगरउतारावर पांढऱ्याशुभ्र चुन्याच्या पायऱ्या, त्यांत उन्हाळ्यांचं पाणी, जगभरचे प्रवासी. नावाचा अर्थ कापूसगड. आपल्याकडे कोल्हापुरात सेनापती कापशी आहे, तेव्हा गड तिकडे आणि सेनापती इकडे अशी स्थिती झाली आहे. आणि हिमगौरी? ती सात बुटक्यांच्या गोष्टीतली? तुर्की मुलांसाठी ती 'पामुक प्रेन्सेस', कापूस राजकन्या. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईला सात बुटके मिळाले असते तर वेचणीची मजुरी तरी वाचली असती.

हाच 'पंबे' पुढे ग्रीकांकडे 'बंबाकी', रुमानियात 'बुंबाक', इटलीत 'बंबाज्या' असा फुगत फुगत इंग्लंडला पोचला. तिथे अंगरख्यात छाती भरदार दिसावी म्हणून आत कापूस कोंबत, त्याला म्हणू लागले 'बॉम्बास्ट'. मग लोकांच्या लक्षात आलं की काही जण बोलण्यातही तेच करतात. आज इंग्रजीत या शब्दाचा अर्थ एवढाच उरला आहे: पोकळ, फुगवलेलं भाषण. मला हा प्रवास विलक्षण वाटतो. निवडणुकीच्या दिवसांत पुलगावला सभा होते, वक्ता कापूस उत्पादकांच्या प्रश्नावर तासभर बोलतो, आणि शास्त्रशुद्ध इंग्रजीत पाहिलं तर तो तासभर आम्हाला आमचाच कापूस परत देत असतो.

जर्मनांनी मात्र कोणाचाच शब्द घेतला नाही. हिंदुस्थानात लोकरीची झाडं असतात असं हिरोडोटस लिहून गेला होता. पुढे मध्ययुगात युरोपातल्या काही भल्या माणसांनी त्या झाडांना चक्क मेंढरं लागतात अशी चित्रं काढली, देठाला लोंबकळणारी, वाकून गवत खाणारी. त्या काळी आमच्याकडे बोंडअळी नव्हे तर लांडगा लागत असला पाहिजे. जर्मन लोकांनी या कल्पनेतलं मेंढरू तेवढं काढलं आणि कापसाला म्हणाले 'बाउमवोले', झाडलोकर. १८४६च्या सुमारास बासलमध्ये शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने, बायको घरी नसताना, स्वयंपाकघरात प्रयोग मांडला, आम्ल सांडलं आणि तिच्या सुती एप्रनने पुसलं, अशी कथा सांगतात. एप्रन वाळायला शेगडीजवळ टांगला तो भक्कन उडाला. घरात पुढे काय झालं ते इतिहासाने लिहिलेलं नाही. कापसापासून स्फोटक मात्र तयार झालं, आणि त्याला जर्मनांनी नाव दिलं 'शीसबाउमवोले', गोळीबाराची झाडलोकर. म्हणजे पुलगावला कापूस आणि दारूगोळा शेजारी असणं हा योगायोग वाटतो तितका योगायोग नाही. एकाच कुळातली ती दोन घरं, आणि भिंतीला तारेचं कुंपण.

तर या शब्दाला जिथे गेला तिथे भाव मिळाला. कुठे शीड झाला, कुठे गड झाला, कुठे राजकन्या, कुठे नोबेल. माल पिकवणाऱ्याच्या वाट्याला कोणती गोष्ट आली? मराठीने त्याची सोय आधीच करून ठेवली आहे: कापूसकोंड्याची गोष्ट. लहानपणी सगळ्यांनी सोसली आहे. तुम्ही 'हो' म्हणा, 'नाही' म्हणा, 'पुरे' म्हणा, सांगणारा तुमचाच शब्द उचलून पुन्हा विचारतो की कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का. गोष्ट कधी सुरूच होत नाही. पुण्या-मुंबईत ती पोरं खिजवायला सांगतात. आमच्याकडे ती खिडकीवर सांगतात.

"विम्याचे पैसे कधी जमा होतील?"

"कधी जमा होतील काय म्हणता, पीकपेरा नोंदवला का?"

"नोंदवला."

"नोंदवला काय म्हणता, बँकेचं खातं जोडलं का?"

"साहेब, सगळं झालं हो."

"झालं काय म्हणता, सर्व्हर सुरू आहे का?"

आता शेवटचं, आणि जरा कामाचं. कापसाच्या घाऊक व्यापारात रुईचा भाव खंडीवर बोलतात. या खंडीची इंग्रजांनी कँडी केली. एक खंडी म्हणजे ३५६ किलो. खायच्या कँडीचा उगमही आपल्याच खंडात, म्हणजे खांडेत, आहे. त्यामुळे इंग्रजी बातमीत 'कॉटन' आणि 'कँडी' शेजारी दिसले की जत्रेतला गुलाबी 'म्हातारीचा कापूस' कुठल्या कुठे साठ हजारांवर गेला असं शहरातल्या पोरांना वाटू शकतं. पोरांचं सोडा. मोठ्यांचं काय होतं ते ऐका. मराठी पेपरात तीच बातमी 'कापूस साठ हजारांवर' अशी येते, आणि मुंबईच्या नातेवाइकांचा फोन वाजतो: "आता काय बुवा, मजा आहे तुमची! गाडी कोणती घेताय?"

आम्ही विकतो तो सरकीसकट कापूस, क्विंटलने. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण चौतीस किलो, बाकी बहुतेक सरकी. साठ हजार आहेत ते ३५६ किलो रुईचे. आमच्या क्विंटलाला सरकीचे पैसे धरून येतात सात-आठ हजार, तेही कवडी नसेल तर, आणि काट्यावर कट्टी कापली नसेल तर. हे सगळं एसटीडीच्या काळापासून आम्ही फोनवर समजावून सांगत आलो आहोत. आता फोन फुकट झाले, नातेवाईक आणखी सविस्तर अभिनंदन करतात.

तेव्हा बाजारभावाचं पान लावणाऱ्या मंडळींना नाचणगावच्या वतीने एक विनंती. कापूस असेल तर कापूस लिहा, रुई असेल तर रुई लिहा, आणि पुढे क्विंटल की खंडी तेही न विसरता छापा. वेचणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते आणि नातेवाइकांचे फोन दिवाळीला येतात. मधल्या दिवसांत एवढी दुरुस्ती सहज होण्यासारखी आहे.